चेंडू उचलणारा दांडा



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी पुष्कळांना हसू आले असेल. बोलणारा माणूस कामगार चळवळीतला, गाव मांडवगण फराट्यासारखे भीमाकाठचे, उसाचे, आणि विषय काय, तर गोल्फच्या खेळात दांडा कोणता घ्यावा! काल एका गृहस्थांनी मला विचारलेसुद्धा, “तुम्ही रांजणगावच्या कारखान्यांविषयी बोलाल असे वाटले होते. हे साहेबलोकांचे खूळ कुठून काढलेत?” त्यांना मी म्हणालो, “उद्या येऊन ऐका, आणि शेवटी सांगा की हा विषय साहेबांचा आहे की आपला.” न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून या प्रथेचा एक अलिखित नियम असा आहे की, वक्त्याने श्रोत्यांना ठाऊक असलेलेच पुन्हा सांगत बसू नये. तेवढा नियम तरी मी आज पाळणार आहे.

माझे शाळेतले शिक्षण थोडे. पुढचे सगळे शिक्षण कारखान्यांच्या फाटकावर, सार्वजनिक वाचनालयात आणि काम करणाऱ्या माणसांच्या शेजारी बसून झाले. गोल्फ मी खेळत नाही. पण गोल्फच्या पिशव्या वाहणाऱ्या माणसांच्या, म्हणजे कॅडींच्या, बैठका घेण्याचा योग मला आला, आणि त्यांच्याकडून या खेळातल्या हत्यारांविषयी जे ऐकले ते मी मागाहून पुस्तकांतून पडताळून पाहिले. हत्याराविषयी खरी माहिती हवी असेल तर ते विकणाऱ्याकडे जाऊ नये, ते रोज हाताळणाऱ्याकडे जावे, असा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

हा खेळ आपल्यापासून फार दूर आहे असेही नाही. इंग्रजांनी कलकत्त्यात १८२९ साली गोल्फ क्लब काढला. आज चालू असलेल्यांत ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. मुंबईत १८४२ साली दुसरा निघाला. चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सीचे मैदान १९२७ सालचे. पुण्यात येरवड्याला मैदान आहे आणि तिथे ‘गोल्फ क्लब चौक’ म्हणून चौकच आहे. आपल्यापैकी कितीतरी लोक त्या चौकातून गेले असतील. भिंतीच्या आत काय चालते ते मात्र ठाऊक नसते.

आत चालते ते एवढेच. सुपारीपेक्षा मोठा आणि लिंबापेक्षा फारसा लहान नसलेला एक कठीण चेंडू असतो. तो काठीने मारीत मारीत कित्येकशे पावलांवरच्या, सव्वाचार इंच रुंदीच्या भोकात घालावयाचा. अशी अठरा भोके. सर्वांत कमी फटक्यांत जो हे काम पुरे करील तो जिंकला. आपल्या विटीदांडूत आणि यात एक मोठा फरक आहे. विटीदांडूत आपण विटी आधी उडवतो आणि मग हवेत मारतो. गोल्फमध्ये प्रत्येक भोकाचा पहिला फटका चेंडू छोट्या खुंटीवर ठेवून मारता येतो. पुढचे सारे फटके चेंडू जिथे आणि जसा पडला असेल तिथून, जमिनीवरून मारावे लागतात. उडवणे आणि मारणे ही दोन्ही कामे एकाच घावात करावयाची, ही या खेळातली खरी अडचण आहे. आणि आजचा आपला विषय तिथूनच सुरू होतो.

काठीलाही क्लब म्हणतात आणि संस्थेलाही क्लब म्हणतात. घोटाळा नको म्हणून मी काठीला ‘दांडा’ म्हणेन. खेळाडूला पिशवीत चौदापेक्षा जास्त दांडे ठेवता येत नाहीत. अमेरिकेत हा नियम १९३८ साली आला आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमध्ये. या चौदांत लांब पल्ल्याचे, मोठ्या डोक्याचे जे दांडे असतात त्यांना ‘वूड’ म्हणतात. त्यांची डोकी पूर्वी खरोखरच लाकडाची असत. ते लाकूड बहुधा पर्सिमन नावाच्या अमेरिकन झाडाचे असे. हे झाड आपल्या टेंभुर्णीच्या कुळातले. ज्या कुळाच्या पानात आपल्या विडी कामगार भगिनी तंबाखू वळतात, त्याच कुळाच्या लाकडाने साहेब चेंडू मारीत होते! १९७९ साली गॅरी ॲडम्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने धातूच्या डोक्याचा वूड बाजारात आणला आणि लाकूड हळूहळू गेले. नाव तेवढे राहिले.

खुंटीवरून मारण्याच्या सर्वांत लांब दांड्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. आखूड कापलेल्या गवताच्या पट्टीला ‘फेअरवे’ म्हणतात, आणि त्या पट्टीवर पडलेला चेंडू लांब मारण्यासाठी जे वूड असतात ते ‘फेअरवे वूड’. त्यांना नंबर असतात : तीन, पाच, सात, नऊ. नंबर वाढला की दांड्याची लांबी थोडी कमी होते आणि डोक्याच्या तोंडाचा मागे झुकाव वाढतो. या झुकावाला ‘लॉफ्ट’ म्हणतात. आपण त्याला ‘कल’ म्हणू. साधारण हिशेब असा की, तीन नंबरचा कल १५ अंश, पाचाचा १८, साताचा २१ आणि नवाचा २४. तीन-तीन अंशांच्या पायऱ्या. एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटते. पण सुताराला विचारा, रंध्याचे पाते एका केसाने पुढे आले तर काय होते!

आता कल म्हणजे काय ते आपल्या शेतातल्या उदाहरणाने पाहू. मोटारीला दाब चांगला असेल तेव्हा नळीचे तोंड थोडेसे वर केले तरी पाणी लांबच्या सरीत जाऊन पडते. दाब कमी असला की तेच पाणी पायाशी पडते. अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? नळीवर चिडत नाही, दाब नाही म्हणून लाजत नाही. तो नळीचे तोंड आणखी वर उचलतो, आणि पाणी पुढे जाते. गोल्फमधला कल म्हणजे नळीचे तोंड वर उचलणे, आणि खेळाडूच्या हाताचा वेग म्हणजे दाब. ज्याचा वेग कमी त्याला कल जास्त पाहिजे.

यात आणखी एक गोष्ट आहे. तिरक्या तोंडाचा घाव बसला की चेंडू उलटा गरगरत, म्हणजे मागच्या बाजूला फिरत, पुढे जातो. त्या फिरण्यामुळे हवा त्याला उचलून धरते. चेंडूवरचे खळगे याच कामाला मदत करतात. पण त्यासाठी चेंडूला पुरेसा वेग आणि पुरेसे फिरणे लागते. जोरकस खेळाडू १५ अंशांच्या दांड्यानेही चेंडू हवेत ठेवू शकतो. बेताच्या ताकदीच्या माणसाने त्याच दांड्याने मारले तर चेंडू खालून निघतो, पुरेसा फिरत नाही, आणि लवकर जमिनीवर येतो. त्याच माणसाच्या हातात १८ किंवा २१ अंशांचा दांडा द्या. चेंडू वर चढतो, अधिक वेळ हवेत राहतो, आणि पुष्कळ वेळा तीन नंबरच्या बरोबरीने किंवा त्याच्याही पुढे जाऊन पडतो. पडतानाही तो वरून उभा पडतो, म्हणून भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर थांबतो. खालून आलेला चेंडू घरंगळत पलीकडे निघून जातो. शिवाय दांडा अर्धा-पाऊण इंच आखूड असल्यामुळे घाव डोक्याच्या मध्यावर बसण्याचा संभव वाढतो. म्हणजे उचल, थांबणे आणि नेम अशा तीन गोष्टी एका बदलाने मिळतात.

मग सर्वांनीच उंच कलाचा दांडा घ्यावा काय? नाही. कुठल्याही हत्याराचे गुण सांगताना दोषही सांगितले पाहिजेत, नाहीतर आपल्यात आणि जाहिरातीत फरक काय? ज्याचा हात मुळातच वेगवान आहे, त्याचा चेंडू जादा कलाने नको तितका वर चढतो आणि अंतर गमावतो. समोरून वारा आला की उंच चेंडूला तो मागे ढकलतो. उन्हाळ्यात गवत जळून जमीन टणक झाली की खालून गेलेला चेंडू आयताच घरंगळून लांब जातो. तेव्हा कमी कलाचा फायदा होतो. उघड्या, गवत नसलेल्या जमिनीवर वूडचा रुंद तळ आपटून उसळण्याची भीती असते. तिथे लहान डोक्याचा ‘हायब्रिड’ नावाचा दांडा किंवा लोखंडी दांडा बरा. उलट पुण्याच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, जमीन ओली असते, चेंडू पडतो तिथेच रुततो. तेव्हा हवेतून जाईल तेवढेच अंतर आपले. त्या दिवसांत सात नंबरचा वूड हा बेताच्या खेळाडूचा खरा मित्र.

निवड कशी करावी, याची रीत कॅडींनी मला सांगितली ती अशी. ज्याचा ड्रायव्हरचा चेंडू हवेतून दोनशे यार्डांच्या, म्हणजे सुमारे १८० मीटरांच्या, आसपासच जातो, त्याने तीन नंबरचा हट्ट धरण्याआधी पाच आणि सात हातात घेऊन पाहावेत. पाहावेत ते दुकानातल्या चटईवर नव्हे, गवतावर. चटईवर दांडा चेंडूच्या मागे आपटला तरी घसरत पुढे जातो आणि चूक झाकली जाते. जमीन चूक झाकीत नाही. प्रत्येक दांड्याने दहा-दहा चेंडू मारावेत आणि वहीत तीन गोष्टी लिहाव्यात : चेंडू हवेतून किती गेला, डावी-उजवीकडे किती फाकला, आणि दहांपैकी किती फुकट गेले. निकाल सरासरीवर करावा. दहांतला एखादा चेंडू फार लांब जातो आणि माणूस त्याच्याच प्रेमात पडतो. अहो, एखाद्या दिवाळीला मिळालेल्या बोनसवर कोणी घर चालवते काय? घर चालते ते दरमहाच्या पगारावर. वहीत तीन आणि पाच या दोघांचे अंतर सारखेच निघाले, तर तीन नंबरचा दांडा घरी ठेवावा. त्याने पिशवीतली एक जागा अडवण्यापलीकडे काही केलेले नाही.

आणखी दोन-तीन बारकावे आहेत. दांड्यावरच्या नंबरावर विसंबू नये, अंश पाहावेत. एका कारखान्याचा सात नंबर दुसऱ्याच्या सातपेक्षा अंशा-दोन अंशांनी वेगळा असतो. आपण ज्या लांब लोखंडी दांड्याने खात्रीने मारू शकतो, त्याच्या पुढे दहा-पंधरा यार्ड जाणारा वूड निवडावा, म्हणजे मधे खिंडार राहत नाही आणि दोन दांडे एकच काम करीत नाहीत. हल्ली काही दांड्यांचा कल पेच फिरवून कमी-जास्त करता येतो. पण कल वाढवला की उजव्या हाताच्या खेळाडूच्या दांड्याचे तोंड थोडे डावीकडे वळते. हे न सांगताच ते विकले जातात. आणि दांडा नवाकोरा असलाच पाहिजे असे नाही. चांगल्या स्थितीतला वापरलेला सात नंबरचा वूड बेताच्या खेळाडूच्या हाती तितकेच काम करतो.

इथपर्यंत सगळे सरळ आहे. हिशेब साफ, रीत सोपी. तरीसुद्धा मैदानावर पिशव्या उघडून पाहिल्या तर तीन नंबरचा दांडा जवळजवळ प्रत्येकाजवळ असतो आणि सात-नऊ नंबरचे दांडे फार थोड्यांजवळ. असे का? उत्तर आहे : लाज. उंच कलाचे वूड म्हणजे बायकांचे आणि म्हाताऱ्यांचे दांडे, अशी समजूत पिढ्यानपिढ्या चालत आली. पुरुषाने कसे, कमी कलाचा, लांब, अवघड दांडा बाळगावा! मग तो दहांपैकी सहा चेंडू फुकट घालवील, पण लाजणार नाही. फुकट गेलेल्या चेंडूंची त्याला लाज वाटत नाही, ही गंमत पाहा.

या समजुतीला खेळातल्याच मोठ्या माणसांनी धक्के दिले आहेत. १९७६ साली अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेत रेमंड फ्लॉइडने आपला एक नंबरचा लोखंडी दांडा काढून टाकला आणि पाच नंबरचा वूड पिशवीत घातला. लांबच्या भोकांवर उंच चेंडू उतरवून त्याने ती स्पर्धा २७१ फटक्यांत, आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली. त्याच मास्टर्समध्ये २०२० साली डस्टिन जॉन्सन २६८ फटक्यांत जिंकला. जगातल्या जोरकस खेळाडूंपैकी एक असलेल्या या गड्याच्या पिशवीत सात नंबरचा वूड होता. आणि आपली अदिती अशोक! तोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, ड्रायव्हरचे अंतर पाहिले तर ती मैदानातल्या सर्वांत कमी अंतर मारणाऱ्या खेळाडूंत होती. इतर जणी जिथून आखूड लोखंडी दांड्याने मारीत तिथून हिला वूड आणि हायब्रिड हाती घ्यावे लागत. ती लाजली नाही. चार दिवसांत २६९ फटके मारून ती चौथी आली. तिचे पदक अवघ्या एका फटक्याने हुकले. तिची पिशवी वाहायला तिची आई होती. आपली ताकद किती, हे नीट ओळखून त्याला जुळेल ते हत्यार निवडणे हा दुबळेपणा नव्हे, ती विद्या आहे, हे त्या मुलीने दाखवून दिले.

आता मी माझ्या अंगणात येतो. हत्यार माणसाला जुळले पाहिजे, हा शोध कामगारांच्या इतिहासात कोणी लावला, ठाऊक आहे? फ्रेडरिक टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनियरने. हातात घड्याळ घेऊन मजुराच्या प्रत्येक हालचालीचे सेकंद मोजणारा तो हाच. जगभरच्या कामगार संघटनांनी त्याच्याशी भांडण केले, आणि ते योग्यच केले. योगायोग असा की हा टेलर पट्टीचा गोल्फ खेळाडू होता. त्याने दोन फाट्यांचा एक दांडा स्वतः बनवून त्याचे पेटंटही घेतले होते. बेथलेहेमच्या पोलाद कारखान्यात १८९८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने फावड्यांचा अभ्यास केला. त्याला दिसले की मजूर एकाच फावड्याने हलका कोळसाही भरतो आणि जड खनिजही. हलक्या मालाला फावड्यात जेमतेम दीड-पावणेदोन किलो येते, जड मालाला सतरा किलो. त्याने प्रयोग करून ठरवले की फावड्यामागे साडेनऊ-दहा किलो वजन आले तर माणूस दिवसभर उत्तम काम करतो. मग त्याने जड मालाला लहान आणि हलक्या मालाला मोठे अशी आठ-दहा प्रकारची फावडी केली.

शोध खरा होता. माणूस तोच ठेवून हत्यार बदलावे, हे तत्त्व बिनतोड आहे. गोल्फच्या कलाचे तत्त्वही हेच. पण पुढचे आकडे ऐका, ते टेलरने स्वतःच लिहून ठेवले आहेत. माणशी रोजचे काम १६ टनांवरून ५९ टनांवर गेले. माणशी रोजची मजुरी १ डॉलर १५ सेंटांवरून १ डॉलर ८८ सेंटांवर गेली. काम पावणेचार पटीच्या जवळ, मजुरी दुपटीलाही पोचली नाही. आणि चारशे ते सहाशे मजुरांच्या जागी १४० राहिले. पूर्वी चांगला मजूर आपले फावडे आपण आणीत असे, आपण निवडीत असे. आता फावडे कारखान्याच्या कोठारातून मिळू लागले आणि कोणते घ्यायचे हे साहेब सांगू लागला. हत्यार सुधारले, पण ते निवडण्याचा हक्क आणि सुधारणेचा नफा दोन्ही मजुराच्या हातातून गेले. म्हणून मी म्हणतो, योग्य हत्यार हा प्रश्नाचा अर्धा भाग आहे. ते कोणी निवडावयाचे आणि त्याने वाढलेले फळ कोणी खावयाचे, हा दुसरा अर्धा.

दुसरे उदाहरण आपल्या भगिनींना लगेच पटेल. कॅलिफोर्नियातल्या शेतांत मजुरांना हातभर दांड्याचे खुरपणीचे कुदळे देत. दिवसभर कमरेत वाकूनच काम. मालक म्हणत, आखूड दांड्याने पीक नीट विरळते. मुकादमाची सोय निराळीच होती : जो उभा दिसेल तो रिकामा आहे असे लांबूनच कळे. कमरा कायमच्या गेल्या. मजुरांनी आणि त्यांच्या वकिलांनी झगडा दिला, आणि १९७५ साली त्या राज्याने तो आखूड कुदळा बंद केला. लांब दांडा आला; पीक काही बुडाले नाही. आपल्याकडे क्विंटलाचे पोते पाठीवर घेणारी हमालांची पिढी आपण पाहिली आहे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने ओझ्याविषयी करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सांगितली. पन्नास किलोचे पोते रूढ व्हायला मात्र हमालांच्या संघटनांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. तेव्हाही काही जण म्हणाले होते, “पूर्वीची माणसे शंभर किलो उचलीत, आताची नाजूक झाली!” ही तीच लाज, जी गोल्फच्या मैदानावर तीन नंबरचा दांडा हाती देते.

आणि आता त्या मैदानावरच्या आपल्या माणसाकडे येऊ. कॅडी म्हणजे पिशवी वाहणारा हमाल, असे लोकांना वाटते. पिशवी तो वाहतोच, दहाबारा किलोची किंवा त्याहूनही जड, दोन-अडीच कोस. पण त्याचे खरे काम निराळे आहे. वारा कुठून आहे, गवत किती ओले आहे, हिरवळ कोणीकडे उतरती आहे, आणि मुख्य म्हणजे या साहेबाच्या हातात आज दम किती आहे, हे तो जाणतो. कोणता दांडा द्यावा हे त्याला साहेबाच्या आधी कळते. मी एका मैदानाबाहेर झाडाखाली कॅडींची बैठक घेत होतो. एक वयस्क कॅडी मला म्हणाला, “अण्णा, साहेब तीन नंबर मागतात. मला ठाऊक असते की त्यांना सात पाहिजे. पण ‘तुमच्या हातात जोर नाही’ असे कसे म्हणू? मी म्हणतो, ‘साहेब, गवत ओले आहे, आज सात घ्या.’ चेंडू हिरवळीवर थांबतो. साहेब खूश होतात आणि मित्रांना सांगतात, मी आज सात नंबर काढला!”

सभेत सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना विचार करीत आलो. त्या माणसाजवळ ज्ञान आहे, वर्षानुवर्षे पाहून मिळवलेले. ते त्याला गवताच्या नावावर खपवावे लागते. निर्णय त्याचा, श्रेय दुसऱ्याचे, आणि दाम फक्त ओझ्याचे. पुष्कळ ठिकाणी कॅडीला फेरीमागे पैसे मिळतात. फेरी नाही तर पैसे नाहीत. संस्था म्हणते, तो आमचा नोकर नाही; खेळाडू म्हणतो, माझा तर नाहीच नाही. धनी अनेक आणि जबाबदार कोणीच नाही, अशी ही स्थिती.

ही स्थिती महाराष्ट्राला नवीन नाही. बाजारातल्या हमालाचेही असेच होते. आज या अडत्याचे पोते, उद्या त्या व्यापाऱ्याचे. त्यावर तोड म्हणून १९६९ साली माथाडी कायदा झाला. धनी अनेक असले तरी मंडळ एक. प्रत्येक धन्याने मजुरीबरोबर ठरलेली वर्गणी मंडळात भरावयाची आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची सोय व्हावयाची. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्यासाठी जन्म वेचला. माझे म्हणणे एवढेच की, ही युक्ती पोत्याला लागू पडते तशी गोल्फच्या पिशवीलाही पडते. फेरीच्या पैशांबरोबर वर्गणी, आणि कॅडीच्या कौशल्याप्रमाणे त्याचा दर. ज्याला दांडा निवडता येतो त्याचा दर नुसते ओझे वाहणाऱ्यापेक्षा निराळा असावा. आपण गवंडी आणि बिगारी यांत फरक करतोच ना?

मंडळी, मी काही आपणांस गोल्फ खेळायला सांगायला आलेलो नाही. खेळलात तर आनंदच आहे. पण आपल्यापैकी कोणाचा मुलगा पुण्यात पिशवी वाहत असेल, तर त्याला सांगा की त्याच्याजवळ विद्या आहे. आणि आपल्यापैकी प्रत्येकाच्या हातात कोणते ना कोणते हत्यार आहे : कोयता, खुरपे, फावडे, शिवणयंत्र, कारखान्यातला पाना. ते हाती घेताना तीन प्रश्न विचारा. हे माझ्या मापाचे आहे काय? हे कोणी निवडले? आणि याने काम वाढले तर त्यातले माझ्या वाट्याला काय येते? पहिल्या प्रश्नाला वही आणि दहा चेंडू पुरतात. उरलेल्या दोहोंना एकट्याचे बळ पुरत नाही. त्यांना संघटना लागते. पण सुरुवात पहिल्यापासूनच होते, आणि त्या पहिल्या प्रश्नाच्या आड लाज येऊ देऊ नका. हलके खुरपे मागणारी बाई आळशी नसते, पन्नास किलोचे पोते मागणारा हमाल नाजूक नसतो आणि सात नंबरचा दांडा घेणारा खेळाडू दुबळा नसतो. ते तिघेही हिशेबी असतात. आणि कष्ट करणाऱ्याने आपल्या कष्टांचा हिशेब ठेवणे यात कसला कमीपणा?

ज्या गृहस्थांनी काल मला प्रश्न विचारला होता ते इथे बसलेले मला दिसत आहेत. विषय कोणाचा, हे आता त्यांनीच सांगावे.